जानरावाने मागवलेला महजर

शिवरखेड्याच्या जानरावाला गावात कुणी फार शहाणा समजत नसे, पण सोयरिकीची बैठक त्याच्यावाचून होत नसे. पोरगी द्यायची तर कूळ बघायचं, आणि कूळ बघायचं तर जानरावाला बोलवायचं, अशी नांदगाव खंडेश्वराच्या त्या पट्ट्यात रीतच पडली होती. कुणाची आजी कुठल्या गावची, कुणाच्या चुलत घराण्यात कधी कमीपणा आला, कोण नुसता पाटील म्हणवतो आणि कोण खरा पाटील, हे सगळं त्याला तोंडपाठ. एखाद्या घराचं नाव निघाल्यावर जानराव गप्प बसला, की लोक समजून घेत आणि ती सोयरीक तिथंच थांबे. त्याच्या अशा गप्प बसण्यानं काही पोरींची जमत आलेली लग्नं मोडली होती. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

स्वतःच्या घराण्याविषयी बोलताना मात्र तो मांडी सावरून बसे. शिवरखेड्याची पाटीलकी दोन भावांची, असं तो सांगे. थोरले भगवंत पाटील, धाकटे नत्थुजी. भगवंत पाटलाचा मुलगा पंजाबराव, तो आज गावचा पाटील. नत्थुजीचा मुलगा आपण. बाप नत्थुजी हा अबोल माणूस होता. कुळांची बोलणी सुरू झाली की तो पागोटं उचलून वावराकडे निघून जाई. बापाला या गोष्टींची आवड नाही, एवढंच जानरावाला वाटे. नत्थुजी मेला त्याला बरीच वर्षं झाली होती. घरात म्हातारी आई तानुबाई, बायको मैनाबाई आणि एकुलती एक मुलगी मनकर्णा, एवढीच माणसं.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत कुठं तरी मोठी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्या जगाची नजर वळली होती. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग वेशीबाहेर जाई. ज्या बांधाकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं, त्या बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जात होता. अशातच इंग्रज सरकारची मोजणी आली. माणसं साखळ्या ओढत शिवारातून फिरू लागली, बांधावर दगड रोवले जाऊ लागले, आणि प्रत्येक शेताला एक नंबर व एक नाव मिळू लागलं.

मोजणीचा कारकून लेंडी नाल्याच्या काठच्या शेतावर आला, त्या दिवशी पंजाबराव आणि जानराव दोघंही बांधावर उभे होते. शेत जानराव कसत होता, त्याच्या आधी नत्थुजीनं कसलं होतं.

"लिवा," पंजाबराव म्हणाला, "पंजाबराव वल्द भगवंत, पाटील."

"आणि वाहतो कोण?" कारकुनानं विचारलं.

"वाहते हा जानराव. आमच्यातलाच हाये."

"वाहते म्हंजे?" जानराव पुढे झाला. "मी काय सालदार हावो? अर्धा हिस्सा हाये माहा. याच शेतात नाई, सगळ्या पाटीलकीत."

पंजाबरावाच्या मनात तोपर्यंत वाईट नव्हतं. पण चार माणसांत, सरकारी माणसासमोर, हिश्श्याची भाषा ऐकून तोही ताठला. "हिस्सा कागदावर असते, जानराव. कागद असंन तर दाखव."

कारकुनाला घाई होती. त्यानं पंजाबरावाचं नाव लिहिलं आणि साखळी पुढे सरकली.

त्या संध्याकाळी जानरावानं घरात सांगितलं, की तो अमरावतीच्या कचेरीत दावा लावणार. दोघा भावांची वंशावळ सिद्ध करणार, जुने कागद शोधून काढणार, आणि नुसतं लेंडीकाठचं शेत नाही तर अर्ध्या वतनावर नाव चढवणार. तानुबाई चुलीपुढे बसली होती, ती उठून दारात आली.

"कोर्टात नोको जाऊ, बापू."

"काहून नोको? तो मले वाहनारा म्हनते."

"म्हनू दे. शेत तर हाये ना हातात? खाऊन राहिलो ना आपन?"

"माय, हे खान्याचं नाई. हे नावाचं हाये."

"नाव घेऊन काय करतं?" म्हातारीचा आवाज चिरका झाला. "तुह्या बापानं कधी मांगतलं नाई. तू काहून मांगून राहिला?"

"बाप भोळा होता," जानराव म्हणाला. तानुबाईनं त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा चुलीपुढे जाऊन बसली.

कागद शोधायचे म्हणजे काय, हे जानरावाला ठाऊक नव्हतं. गावच्या पटवाऱ्याकडे अलीकडच्या थोड्या वर्षांचेच कागद निघाले. त्याआधीचे निजामाच्या अमलात गाव लुटलं गेलं तेव्हा जळाले, असं तो म्हणाला. अमरावतीला उद्धवपंत नावाचे वकील होते. मृदू बोलणारे, सावध गृहस्थ. त्यांनी दावा लिहून दिला, पण तेव्हाच सांगितलं, "जानराव, तोंडी वंशावळीवर साहेब ऐकणार नाही. दोघं सख्खे भाऊ होते, असं दाखवणारा एक तरी जुना कागद हवा."

मग जानरावाच्या चकरा सुरू झाल्या. पेरणी, डवरणी, वेचणी, सगळं मैनाबाईवर टाकून तो कचेऱ्यांच्या ओट्यांवर बसू लागला. अमरावतीच्या दप्तरात एक फारसी कागद निघाला. मुन्शीनं तो वाचून दाखवला, तर त्यात शिवरखेड्याच्या वसुलाशिवाय काही नव्हतं. नंतर एक मोडी पावती सापडली आणि तिच्यात शब्द निघाले, 'भगवंत पाटील व नत्थु, मौजे शिवरखेडा'. नत्थुपुढे पाटील नव्हतं, पण जानरावाला तेवढं पुरलं. बापाचं नाव परक्या माणसाच्या तोंडून, सरकारी खोलीत, जुन्या कागदावरून ऐकून त्यानं ती ओळ आणखी एकदा वाचायला लावली. घरी येऊन त्यानं ते मैनाबाईला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"आता मिटवा ना," मैनाबाई म्हणाली. "पंजाबभाऊ काल सोता आला होता. शेतावर तुमचं नाव लावतो म्हने, बाकीचं सोडा."

"तो भ्याला म्हनून आला," जानराव म्हणाला.

परगण्याचं सगळं जुनं दप्तर ज्या देशपांड्यांकडे होतं, ते घराणं एका दुकाळानंतर अकोल्याकडे निघून गेलं होतं आणि दप्तरही त्यांच्याबरोबर गेलं होतं. इंग्रजांनी ते अकोल्याच्या कचेरीत जमा करून घेतलं होतं, असं उद्धवपंतांना कळलं. जानराव कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला गेला. तिथला कारकून वयस्क होता, धुळीनं सतत खोकत असे. जानराव रोज येऊन बसतो हे पाहून त्याला दया आली आणि त्यानं शिवरखेड्याचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले. एका रुमालात घडी घातलेला लांब कागद होता. कारकुनानं वरच्या ओळी वाचल्या.

"महजर आहे हा. गावच्या पंचांनी बसून केलेला निवाडा. 'नत्थु, वस्ती मौजे शिवरखेडा, भगवंत पाटलाचे घरचा, याचे संबंधे...' बाबा, यात तुमच्या वडिलांचाच विषय दिसतो."

"घरचा! घरचा म्हंजे भाऊच ना?" जानराव उभाच राहिला.

"पुढचं साहेबाच्या हुकमाशिवाय मला वाचता येणार नाही. अर्ज करा, सीलबंद होऊन अमरावतीला येईल."

जानरावानं कारकुनाचे पाय धरले. परत येताना तो वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या गावात थांबला आणि निवाडा सापडल्याचं सांगत आला. शिवरखेड्यात पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. उद्धवपंतांना मात्र ती ऐकून आनंद झाला नाही.

"वाचून घेतलात का पूर्ण?"

"बापाचा निवाडा हाये पंत, वाचायचं काय त्याच्यात?"

"एकदा कचेरीत आला की तो तुमचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. अजून विचार करा."

जानरावानं अर्जावर नांगराची निशाणी केली. तो साक्षर नव्हता.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत गर्दी होती. शिवरखेड्याचे लोक आले होते. मनकर्णेची सोयरीक नांदगावच्या बाजूच्या एका पाटलाकडे ठरली होती, तिचं कुंकूही लागलं होतं. होणारे व्याहीही मुद्दाम आले होते, कारण जानरावानं त्यांना बोलावणं धाडलं होतं. इंग्रज साहेब खुर्चीत बसला होता. शिरस्तेदारानं सील फोडलं, कागद उलगडला आणि मोडी वाचायची त्या काळची एकसुरी लय धरून वाचायला सुरुवात केली.

"'नत्थु नामे मूल, उमर अजमासे पाच साल, मोठे दुष्काळाचे सालात एक बाई गावचे वेशीपाशी घेऊन आली. वस्ती आसरखेड म्हणोन सांगितले. जात पुसता सांगितली नाही. मूल ठेवून पायलीभर जवारी घेतली व निघोन गेली. पार्बताबाई, भगवंत पाटलाची मातुश्री, हिणे मूल पदरात घेऊन पोटच्यासारखे वाढविले. सबब पंचांनी ठरविले की, नत्थु पाटलाचे वंशातील नव्हे. वतनास त्याचा संबंध नाही. लेंडीकाठचे शेत त्याचे पोटास दिले आहे, तो हयात असेतोवर. हे नत्थूस मान्य.'"

शिरस्तेदार थांबला. "खाली पंचांच्या निशाण्या आहेत. आणि शेवटी नत्थूची. नांगर."

पंजाबराव भिंतीला टेकून उभा होता. आपण दावा जिंकलो, हे समजायला त्यालाही वेळ लागला. त्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. भगवंत पाटलानं हे गुपित पोटातच ठेवून डोळे मिटले होते. जानरावानं उद्धवपंतांकडे पाहिलं. पंत कागदांवर नजर लावून बसले होते.

"पुन्हा वाचा," जानराव म्हणाला. "जातीचं पुन्हा वाचा."

"जात पुसता सांगितली नाही," शिरस्तेदारानं वाचलं, आणि यावेळी त्याचा आवाज खाली आला होता.

बाहेर कडुनिंबाखाली व्याह्याची गाडी उभी होती. ती जानराव बाहेर येईपर्यंत निघून गेली होती. पंजाबराव मात्र थांबला होता. त्याच्याबरोबर भावकीतले चौघे-पाचजण होते, आणि बोलताना तो त्यांच्याकडे बघून बोलत होता.

"शेत वाहत जा जानराव. शेत मी काढून घेनार नाई. माह्या आजीनं दिलेलं हाये." मग तो म्हणाला, "पन आता भाऊ म्हनू नोको. आमच्या सुतकात तू नाई, तुह्या सुतकात आमी नाई. माह्यानं काही करता येत नाई यात."

जानराव पायी घरी आला. तानुबाई ओट्यावर तूर पाखडत होती. त्याचा चेहरा पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"तुले मालूम होतं," जानराव म्हणाला.

"व्हय."

"कधीपासून?"

"लग्नाच्या सालापासून. तुह्या बापानंच सांगतलं. माह्या बापाले कोनी सांगतलं नव्हतं. मी एक दिवस रडली. मंग वावरात गेली."

"मले काहून नाई सांगतलं, माय? मी कचेरीत जाऊन राहिलो, आन तू पाहत राहिली!"

"त्यानं आन घातली होती. पार्बताबाईनं त्याले घातली होती, त्यानं मले. मी म्हनलं ना, नोको जाऊ." म्हातारी रडत नव्हती. "सांगतलं असतं, तर तू मंग लोकायची कुळं कशी सांगतली असती?"

जानराव खांबाला धरून खाली बसला. मग त्यानं विचारलं, "त्याले काही आठवे का? त्या बाईचं?"

"येवढंच म्हने, का तिनं जवारी पदरात घेतली, मंग मागं पाह्यलं नाई. मी त्याले म्हनो, तिनं मागं पाह्यलं असतं तर तिले जाता आलं नसतं. त्यानं ते कधी खरं मानलं नाई."

काही दिवसांनी मनकर्णेच्या होणाऱ्या सासरी दिलेला नारळ आणि साडी परत आली. व्याही आले नाहीत, गावच्या न्हाव्याच्या हातून सामान आलं. न्हावी ते ओट्यावर ठेवून गेला. मनकर्णा तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. लग्न मोडलं हे तिला कळलं, पण का मोडलं हे कळलं नाही. घरातलं कुणी तरी काही केलं असेल असं समजून ती बापाच्या समोर यायला घाबरू लागली. गावात आता जानरावाला बैठकीला कुणी बोलवत नव्हतं. उलट ज्या घरांच्या नावावर तो कधी गप्प बसला होता, त्या घरांतली माणसं वाटेत भेटली की त्याच्याकडे टक लावून बघत. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यानं मैनाबाईला एकदा म्हटलं.

थंडीच्या सुरुवातीला तानुबाई गेली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. ती जेवायची थांबली, एवढंच झालं. सकाळी ती मेली आणि दुपारपर्यंत दारात कुणी आलं नाही. पंजाबराव आपल्या घराच्या दारात उभा होता, तिथून त्याला सगळं दिसत होतं. तो आतही गेला नाही आणि पुढेही आला नाही. शेवटी जानराव गावाबाहेर सडकेवर गेला. अमरावतीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या तिथं पाण्याला थांबत. त्यानं गाडीवानांना हात जोडले. गाडीवान परमुलखातले, घाईतले. त्यांतले दोघे उतरले.

"कोन मेलं?"

"माय."

"भावकी?"

"नाई."

तरी माणसं तीनच होत होती. मैनाबाईनं पदर खोचला आणि चौथा खांदा तिनं दिला. बाईनं खांदा दिला म्हणून नंतर गाव बोललं, पण त्या वेळी कुणी अडवायलाही आलं नाही. चितेला आग लागताच गाडीवान निघून गेले. त्यांचे बैल जुंपलेलेच होते.

महजरातला एक शब्द मात्र जानरावाच्या डोक्यातून जात नव्हता. आसरखेड. त्या गावात कुणी म्हातारा असेल, दुकाळात कोण बाई मूल घेऊन निघून गेली हे त्याला ठाऊक असेल, तर जात कळेल. कोणतीही असो. जात कळली तर मनकर्णेला त्या जातीत देता येईल. मैनाबाईला त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच काही अर्थ वाटला. तिनं भाकरी बांधून दिल्या.

अकोल्याचा तो कारकून त्याला पाहून उठून उभा राहिला. महजर मागवून जानरावाचं काय झालं, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं गावांची यादी काढली, बोट फिरवलं आणि थांबला.

"आसरखेड आहे. पूर्णेच्या बाजूला. पण जानराव, ते बेचिराग आहे."

"म्हंजे?"

"तिथं दिवा लागत नाही. वस्ती नाही. शिवार आहे, नंबर आहेत, माणूस नाही."

जानराव तरी गेला. दोन दिवस चालून तो पूर्णेकाठच्या त्या रानात पोचला. जिथं गाव असायला हवं होतं तिथं कापूस उभा होता. बोंडं फुटून पांढरं झालं होतं, नजर पोचेल तिथपर्यंत. कुणा व्यापाऱ्यानं सगळं शिवार घेऊन पेरलं होतं, अगदी घरांच्या जागांवरसुद्धा. एका मचाणावर राखण करणारा जागल्या बसला होता. जानरावानं त्याला विचारलं, इथं कोण राहत होतं?

"मले काय मालूम, बापा. आमी खानदेशातून आलो. मालकानं आनलं."

"काही निशानी? देऊळ, वेस, काही?"

"नांगराले जात्याचे तुकडे लागते. लई लागते. ते आमी बांधावर फेकून देतो."

बांधावर खरंच दगडांचा ढीग होता. अर्धी फुटलेली जाती, खालच्या तळ्या, वरच्या पाळ्या, एकावर एक. त्यांत कोणतं जातं कोणत्या घरचं होतं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. जानरावानं एक एक दगड उचलून बघितला. त्यावर काहीच नव्हतं. दळून दळून गुळगुळीत झालेला दगड, दुसरं काय असणार? तो त्या ढिगाशी बसून राहिला. जागल्यानं त्याला दोनदा हाक मारली, मग तो आपल्या कामाला लागला.

आजूबाजूच्या गावांत तो आठवडाभर फिरला. एका गावात एक आंधळी म्हातारी होती. ती म्हणाली, आसरखेडात सगळ्या जातींची वस्ती होती, मोठं गाव होतं. मोठ्या दुकाळात आधी लष्करांनी कडबा नेला, मग धान्य संपलं, मग माणसं निघाली. कुणी वाटेत मेली, कुणी मुलं विकली.

"किती बायांनी लेकरं देली, त्याची गनती कोन ठेवली?" म्हातारी म्हणाली. "तुले कोन्ती पाह्यजे?"

तो परत आला, त्यानंतर तो शेताकडे फारसा गेला नाही. लेंडीकाठचा कापूस वेचायचा राहिला आणि वाऱ्यानं गेला. मैनाबाईनं एक दिवस त्याच्यासमोर बसून सांगितलं, "मी पोरीले रिद्धपूरले घेऊन जातो. महानुभावांच्या मठात जात पुसत नाई म्हनते."

"संन्यासिनी करतं तिले? या वयात?"

"मंग काय करू? तुमी सांगा. तुमी सगळ्यायले सांगत होते ना, कोनाले द्याची अन् कोनाले नाई."

तो गप्प बसला. मैनाबाई मुलीला घेऊन गेली.

रिद्धपूरच्या मठात एक वृद्ध तपस्विनी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मनकर्णेला जवळ बोलावलं. "तुला इथं राहायचं आहे का गं?"

मनकर्णेनं आईकडे पाहिलं. "माय म्हनते तर राहतो."

"असं नाही चालत," तपस्विनी मैनाबाईला म्हणाली. "दीक्षा अशी देत नाहीत. राहू दे तिला. दळण-कांडण करेल, पोथी ऐकेल. मोठी झाली की तिला विचारू." मैनाबाई निघाली तेव्हा मनकर्णा आडाच्या बाजूला उभी होती. ती रडली नाही, म्हणून मैनाबाईही वाटेला लागेपर्यंत रडली नाही.

शिवरखेड्यात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवराबायको बडनेऱ्याला गेली. तिथून नागपूरकडे रेल्वेचा भराव पडत होता आणि टोपली उचलणारा हात कुणालाही चालत होता. हजेरी लिहिणाऱ्यानं नाव विचारलं.

"जानराव."

"बापाचं?"

मागे माणसांची रांग होती. जानराव नुसता उभा राहिला. "अरे, बापाचं नाव सांग ना!" मैनाबाईनं मागून सांगितलं, "नत्थुजी." कारकुनानं लिहिलं. त्या रात्री जानराव तिला म्हणाला, तू सांगायला नको होतंस. बापाचं ते नावही त्या पार्बताबाईनंच ठेवलं असेल, की आधीचं होतं, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. एक दिवस पंजाबराव भरावावर जानरावाला शोधत आला. तो वाळला होता. दोघं मातीच्या ढिगाशेजारी उभे राहिले.

"लेंडीकाठचं पडीत हाये," पंजाबराव म्हणाला. "तन माजलं. तुह्याशिवाय त्या जमिनीची कोनाले समज नाई. ये परत."

"कोन म्हनून येऊ?"

पंजाबरावानं खाली पाहिलं. मग तो आल्या वाटेनं परत गेला. मैनाबाईनं नंतर म्हटलं, त्यानं तेवढ्या एका वेळेस भाऊ म्हटलं असतं, तर हे गेले असते.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात भरावाच्या वस्तीत पटकीची साथ आली. मैनाबाई त्या दिवशी बाजाराला गेली होती. ती परत आली तेव्हा जानराव संपला होता, आणि साथीत मेलेल्या बाकीच्या माणसांबरोबर त्याला नेऊनही झालं होतं.

ती रिद्धपूरला गेली. मनकर्णा आता मोठी झाली होती, पण दीक्षा तिनं अजून घेतली नव्हती. कुणी विचारलं की 'पुढच्या वर्षी' म्हणे. ती जात्यावर बसली होती. मैनाबाईनं सांगितलं तेव्हा तिचा हात खुंट्यावर थांबला.

"काही बोलले का, मरतानी?"

"शेजारचा म्हने, पानी मांगतलं."

"देलं कोनी?"

मैनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मालूम नाई, बाई. मी नव्हती तिथं."